प्रमाणातली सूर्यमाला

मुलीला वर्गासाठी सूर्यमालेचं मॉडेल करायचं होतं आणि ती ते एकटी करत होती, इथवर सगळं ठीक होतं. रंगवलेले कागदी गोळे टेबलावर वाळत होते. तेवढ्यात बाबा खोलीत डोकावले.

बाबा नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. तिथे सगळे त्यांना 'फूटपट्टी' म्हणत (पाठीमागे, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने).

"पृथ्वी सूर्याच्या निम्मी?" ते किंचाळले. "प्रमाण नसेल तर ते मॉडेल कसलं? खेळणं झालं!"

मागच्या वर्षी बाबांनी केलेली पवनचक्की इतकी प्रमाणात होती, की वर्गाच्या दारातून आत गेलीच नाही. सगळा वर्ग हसला होता. या खेपेला आपलं मॉडेल बाईंच्या टेबलावर दिसावं, एवढंच मुलीला हवं होतं.

पण बाबांचा हिशेब सुरू झाला होता. सूर्य फुटबॉलएवढा धरला, तर पृथ्वी मोहरीचा दाणा, गुरू म्हणजे गोटी आणि नेपच्यून म्हणजे वाटाणा. अंतरंही त्याच प्रमाणात. सूर्य शाळेत ठेवला, की नेपच्यून बरोबर यांच्याच खिडकीत येत होता! बाबांना आकाश ठेंगणं झालं.

सकाळी वाटाणा खिडकीत बशीत ठेवून बापलेक निघाले. वाटेत युरेनसची सोय लावून ते इस्त्रीवाल्यापाशी थांबले.

"दादा, जरा शनी ठेवू का इथे?"

"सकाळी सकाळी? माझ्याच मागे का लावता, साहेब?"

शेवटी शनी त्याच्या फळीखाली गुपचूप सरकवावा लागला. पुढे शिंप्याचं दुकान.

"दुपारपर्यंत गुरूला जागा द्याल का?"

शिंपी हात जोडून उठलाच. "अहो, आमचं भाग्य! खुर्ची पुसतो. एकटेच आहेत, की सोबत मंडळी?"

हातात गोटी पडल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण शब्द दिला होता, म्हणून ती त्याने खुर्चीवरच ठेवली.

वर्गात टेबलावर फक्त फुटबॉल. "आणि ग्रह?" बाईंनी विचारलं.

"गुरू शिंप्याकडे आहे," मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आणि शनी इस्त्रीवाल्याखाली."

वर्ग खो खो हसला. बाई मात्र उठल्या. "चला, बघून येऊ."

वरात निघाली, दाराशी थांबलेले बाबाही. शाळेच्या पायरीवर पृथ्वी होती, ती एक मुंगी ओढून नेत होती. "बाई, आपण चाललो!" कोणीतरी ओरडलं. गुरू, शनी करत मुलगी पुढे चालली, माहिती सांगू लागली, आणि हसणारी पोरं चक्क ऐकू लागली. नेपच्यूनपर्यंत पाय दुखले, तेव्हा सूर्यमाला किती मोठी ते सगळ्यांना कळलं.

दार आईने उघडलं. खिडकीत बशी रिकामी.

"वाटाणा कुठे गेला?" बाबांनी बशी उलटी करून पाहिली.

"एकटाच पडला होता. टाकला भाजीत."

"अगं, तो नेपच्यून होता!"

"असेल. मऊ शिजलाय."

बाई पोट धरून हसल्या. "हिला दहापैकी दहा. आणि फुटबॉल महिनाभर टेबलावर राहील."

मुलगी आनंदाने नाचायलाच लागली. बाबांनी घसा खाकरला. "आणि मॉडेल ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला?"

बाईंनी पेन काढून हातातल्या गुणांच्या वहीवर बारीकसं शून्य काढलं. "हे तुम्हाला. पृथ्वीएवढं, अगदी प्रमाणात."

बाबांनी खिशातून पट्टी काढली, शून्यावर धरली आणि मान हलवली.

"बाई," ते म्हणाले, "जरा मोठं झालंय."