उभ्यानं पखवाज

काल्याच्या कीर्तनाला पखवाजावर आपला मुलगा केसरीनाथ बसणार, हे तुळजाबाईंचं अंबाडी गावच्या बाजारात भाजीवालीपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. अडचण एवढीच, की केसरीनाथला बसता येत नव्हतं.

भिवंडीत कापडाच्या लूमवर लागल्यापासून पोराची जीभ शहरी झाली होती. आईनं बांधून दिलेली भाकरी नि माठाची भाजी तो सोबत्यापुढं सरकवी आणि स्वतः दोन्ही वेळा हॉटेलातला लालभडक रस्सा, पाव नि भजी हाणून वर चहा ओती. पाणी प्यायला शिफ्टमध्ये फुरसत कुणाला? ऐन बाविशीत मूळव्याध झाली.

"सब्जी खाता है?" तिथल्या निजामपुऱ्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

"पाला? तो आमच्याकडं म्हशीला घालतात, डॉक्टरसाब."

"तो देख, भैंस कैसी आराम से बैठती है!"

आता मंडप भरला होता. केसरीनाथनं जागा सोडली, तर पखवाज दुसऱ्या वादकाकडं, रघूकडं जाणार होता आणि आईला बाजारात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. तो बसायला गेला, कळ थेट मस्तकात गेली, तसा ताडकन उठला. पखवाजाचा पट्टा गळ्यात अडकवून त्यानं उभ्यानंच थाप मारली.

कीर्तनकार रामनाथबुवांनी भारावून त्याच्याकडं हात केला. "पाहा माउली! नामापुढं हा तरुण बसायला तयार नाही. आणि आपण?"

अख्खा मंडप लाजून उभा राहिला. म्हाताऱ्या जाईबाईसुद्धा खांब धरून उठल्या. विठ्ठलनामाचा गजर असा रंगला, की हंडी फुटेपर्यंत कुणी टेकलं नाही.

"माझा पोर हाय त्यो!" तुळजाबाई डोळे पुसत सगळ्यांना सांगत होत्या.

पंगतीत बुवांनी मानानं आपल्या शेजारचा पाट दाखवला. "बस, बाळा."

केसरीनाथ वाकून त्यांच्या कानाशी लागला. "बुवा, देवाशप्पत, भक्ती न्हाय ही. मूळव्याध हाय."

बुवा पोट धरून हसले. बुडाखालच्या घोंगडीची जाड घडी त्यांनी उलगडली आणि अर्धी त्याच्या पाटावर पसरली. "अरे, मीही पखवाजीच होतो. गिरणीत होतो तेव्हा खाणावळीतल्या मिरचीनं माझं बसणं बंद केलं, म्हणून उभ्यानं कीर्तन करायला लागलो. पांडुरंगानं असं बोलावलं! आता मात्र पानात पालेभाजी असल्याशिवाय घास उचलत नाही." मग वाढप्याला हाक गेली, "याला भाजी वाढा. अजून! आणि तांब्याभर पाणी ठेवा."

मागं उभ्या तुळजाबाईंनी सगळं ऐकलं. केसरीनाथनं मान खाली घातली.

पुढच्या बाजाराला तुळजाबाईंनी माठाच्या चार जुड्या घेतल्या आणि भाजीवालीला ताठ मानेनं सांगितलं, "आमच्या केसरीला साधासुधा आजार न्हाय गं. खुद्द बुवांचा हाय!"