पोस्टातली भाकरी

सेबेस्टियनच्या पत्राला भालचंद्र मास्तरांनी पाच महिने उत्तर दिलं नव्हतं. आळस म्हणून नव्हे, खात्री नव्हती म्हणून. सेबेस्टियन पाचूबंदरचा कोळी, मास्तरांचा लहानपणापासूनचा मित्र, आता नाशिकला मुलाकडे राहायला गेलेला. त्यानं लिहिलं होतं, 'सून म्हनते तांदळाच्या भाकरीत काय नाय, चपाती खा. तू पुस्तकं वाचतोस. भाकरीत ताकद असते, येवढी एक ओळ लिहून पाठव. ती दाखवली की मला भाकरी मिळेल.'

एकच ओळ. मास्तरांना पाच मिनिटांचं काम वाटलं. त्यांनी आहाराचं पुस्तक उघडलं, तर त्यातला तक्ता सुनेच्या बाजूचा. प्रथिनं गव्हातच जास्त. खोटं लिहवेना. मग सुचलं, भाकरी चपातीपेक्षा केवढी तरी जाड. तिचं वजन मांडलं तर हिशेब फिरेल. घरात काटा नव्हता. पोस्टात होता.

मास्तरांनी रुमालातली भाकरी पुढे केली. पोस्टातल्या रामनाथनं विचारलं, "साधं पाठवायचं की रजिस्टर?"

"फक्त वजन."

एकशे वीस ग्रॅम. दुसऱ्या दिवशी दीडशे. तिसऱ्या दिवशी नव्वद. महिनोन्महिने असंच चाललं. परत नेली तर बायको विचारेल, या भीतीनं रोजची भाकरी वाटेतच, चालता चालता कोरडी खावी लागे.

शेवटी मास्तर भीतभीत म्हणाले, "मालन, भाकऱ्या जरा सारख्या थापशील का?"

"मापाची भाकरी खानावळीत मिळते," मालनबाई तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "तिथंच जेवा."

दोन दिवस घरात नुसता भात शिजला. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी सेबेस्टियनचं पत्र मालनबाईंच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि पीठ मळायला घेतलं. "पाच महिने तो माणूस चपातीवर आहे? आणि तुम्ही वजनं करताय?"

त्या दिवशी रामनाथनं काट्यावरचं पीठ फुंकरून उडवलं. "मास्तर, पूर्वी तुम्ही टांग्यानं यायचात. पायरी चढताना दम लागायचा. हल्ली दीड मैल चालत येता. भाकरीत काय घालतात हो घरी?"

मास्तर थबकले. हा पुरावा कुठल्याच तक्त्यात नव्हता. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी कार्डावर लिहिलं, 'भाकरीत ताकद असते. स्वतः पाहिलं आहे.' सही केली आणि कार्ड पेटीत टाकलं.

टाकताक्षणीच मनात आलं, ताकद भाकरीची, की चालण्याची? त्यांनी पेटीत हात घालून पाहिला. बोटांच्या पुढे तो जाईना.

बरंच झालं. मास्तर भाकरी खात घरी निघाले.