इडवलची तीन मिनिटं

क्लबच्या शताब्दीची पुस्तिका हातात पडली आणि इडवल प्रॉसरचं डोकंच फिरलं. ऱ्होंडाच्या खोऱ्यातला हा प्लंबर तेवीस वर्षांपूर्वी वेल्सकडून रग्बीचा एकुलता एक सामना खेळला होता, स्कॉटलंडविरुद्ध, अगदी शेवटी, बदली म्हणून. त्याच्या फोटोखाली छापलं होतं, 'मैदानावर चाळीस सेकंद.'

"तीन मिनिटं होती," तो बायकोला म्हणाला. "घाम फुटला होता मला. चाळीस सेकंदांत घाम फुटतो होय?"

"तुला बुटाच्या नाड्या बांधतानाही फुटतो," नेस्टा म्हणाली.

इडवल तडक क्लबच्या सेक्रेटरीबाईंकडे गेला. त्यांनी वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं, वर्तमानपत्रानं टीव्हीवाल्यांकडे. टीव्हीवाल्यांना त्यानं पाच पत्रं लिहिली. पाचव्यात 'हा समस्त वेल्सचा अपमान आहे' असं ठणकावल्यावर एकदाची सामन्याची टेप आली. सगळ्यांची तोंडं कायमची बंद करायची म्हणून त्यानं अख्खं गाव क्लबात जमवलं आणि स्टॉपवॉच पाद्रीबाबांच्या हाती दिलं.

पडद्यावर वेल्स एका गुणानं पुढे होतं. इडवल धावत आत आला. टाळ्या पडल्या. खेळाडूंचा ढीग झाला, शिट्टी वाजली. स्कॉटलंडला पेनल्टी मिळाली आणि वेल्स हरलं.

त्या पेनल्टीचं खापर आजवर त्याच संघातल्या गिलिम बेनन या बसड्रायव्हरवर फुटत आलं होतं, कारण ढिगावर सगळ्यात वर तोच होता. खोऱ्यात त्याला अजून कुणी आपणहून बिअर पाजत नसे. इडवलनंही कधी पाजली नव्हती.

पडद्यावर मात्र लख्ख दिसत होतं. ढिगापासून चार हात लांब, चेंडूशी काडीचा संबंध नसलेल्या एका स्कॉटिश गड्याचा सदरा सोळा नंबरचा इडवल दोन्ही हातांनी, ओली चादर पिळावी तसा, ओढत होता. आणि पंचाचं बोट सरळ त्याच्याकडे होतं.

पाद्रीबाबांनी शिट्टीलाच थांबवलेल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं.

"अडतीस," पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

मागच्या बाकावरून गिलिमचा शांत आवाज आला, "मागे घे रे. परत लाव."

सहा वेळा लावलं. कॅमेराच तिरका होता, असं इडवल तावातावानं सांगत राहिला. मग उठला आणि मुकाट्यानं गिलिमसाठी बिअर घेऊन आला.

घरी जाताना नेस्टा म्हणाली, "बरं झालं बाई, तीन मिनिटं नव्हती ते."