परकाराचं वांगं

उमाठे मास्तरांनी आमच्या छापखान्यात एकही रेघ नुसत्या हाताने मारली नाही. वांगं काढायचं असलं तरी आधी परकार बाहेर यायचा. एक मोठा वर्तुळाचा तुकडा, एक लहान, त्यांना जोडणारं एक वळण, वर देठाची टोपी. झालं वांगं. मिरची दोन तुकड्यांत व्हायची, पेला दोन उभ्या रेघा आणि दोन चपट्या गोलांत.

"मास्तर, एवढ्याशा लिंबाला परकार कशाला?" मी विचारायची.

"हात भेते वहिनी," ते म्हणत. "परकार भेत नाही."

नागपूरच्या इतवारीत आमचा लेबलांचा छापखाना होता. यंत्रांकडे हे बघत. गिऱ्हाइकं, कागद आणि भांडणं माझ्याकडे. भिवापूरच्या तिखटाची, हळदीची, पापडांची, उदबत्त्यांची लेबलं आम्ही छापायचो. सत्तर साल अजून यायचं होतं आणि माल घेणाऱ्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती, म्हणून लेबलावर चित्र हवंच. ते मास्तर काढत. पूर्वी ते एका शाळेत चित्रकला शिकवायचे. ती नोकरी त्यांनी सोडली, कारण पोरं कर्कटक हातात घेऊन धावत. "कोणाच्या डोळ्यात गेलं अन् भलतंच झालं तं?"

"भलतंच झालं तं?" हे मास्तरांचं पालुपद. कागद कापायच्या यंत्राजवळून ते भिंतीला पाठ लावून जात. सायकलला कुलूप घालून पाच पावलं गेले की परत येऊन कुलूप ओढून बघत. एका स्टोव्हवाल्याने लेबलासाठी पेटता स्टोव्ह मागितला, तर मास्तरांनी थंड स्टोव्ह काढून दिला.

"अहो, ज्वाळा काढा की दोन."

"पेटवला अन् ध्यान नसलं तं?"

"मास्तर, तो कागदावर आहे."

"घरातलाबी आधी थंडच असते वहिनी," ते म्हणाले आणि परकार डबीत ठेवून दिला. विळीवाल्याला तर त्यांनी पातं मिटलेली विळी काढून दिली. तो म्हणाला, "बाई, मी पाट विकतो असं वाटून राहिलं लोकाइले."

पण चित्र काढावं तर मास्तरांनीच. सावली नाही, नक्षी नाही, फुकटची पानंफुलं नाहीत. "पाह्यलं का समजलं पाह्यजे. विचार करावा लागला तं ते चित्र नाही, कोडं आहे." आणि हे ते नुसतं बोलत नसत. प्रत्येक चित्र एक रात्र घरी नेत. "घरी दाखवतो" हे ऐकल्याशिवाय छपाईचा एकही ब्लॉक बनला नाही. दुसऱ्या दिवशी घरचा निकाल यायचा. "मिरची सरळ झाली, शेंग वाटते म्हन्ते." "लसूण पास." घरचीला वाचता येत नाही, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं. आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. छापखान्यात तिचं नाव हायकोर्ट पडलं होतं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मास्तर भर उन्हात सायकल हाणत जुनी शुक्रवारीला घरी जात आणि घाम पुसत परत येत. नागपूरचा मे महिना. आम्ही सगळे ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचो आणि मास्तरांच्या डोक्यावर जाड काळी टोपी. घामाचे ओघळ कानांवरून खाली, पण टोपी निघायची नाही. चष्मा जुन्या गोल फ्रेमचा, एक काडी दोऱ्याने बांधलेली. आमच्या ओळखीचा चष्मेवाला नवी फ्रेम द्यायला तयार होता.

"नको," मास्तर म्हणाले. "चेहरा बदलते."

"बदलू द्या की! सिनेमात घेतील," हे म्हणाले, आणि सगळा छापखाना हसला. मास्तरही हसले, पण फ्रेम तीच राहिली.

त्या उन्हाळ्यात एक शेठ आले. वांग्यावरच्या किडीची भुकटी विकायची होती. तेव्हा अशा मालाचे नियम आजच्यासारखे कडक नव्हते. 'विषारी' हा शब्द पुडीच्या मागे बारीक अक्षरांत बसवायचा होता, आणि पुढे?

"पुढे मस्त वांगं काढा मास्तर. शेतकऱ्याला समजलं पाहिजे का ही वांग्यासाठी आहे. बाकी फिकर मत करो."

मास्तरांनी वांगं काढलं. मी बरीच चित्रं पाहिली आहेत, पण इतकं नेमकं वांगं नाही पाहिलं. देठाला दोन काटे, अंगावर एक पांढरी चकाकी. उचलून चिरावं असं. रात्रभर ते घरी जाऊन आलं.

"निकाल?"

"वांगं. भरायचं आहे म्हन्ते." मास्तरांचा चेहरा उजळला होता. आम्ही छापून दिलं, शेठने पुड्या भरल्या.

पुड्यांचा पहिला गठ्ठा गाडीवर चढला त्याच दिवशी दुपारी मास्तर घरून परत आले ते सायकल रस्त्यात आडवी टाकून. कुलूप नाही.

"वहिनी, ते वांगं थांबवा."

"पाणी प्या आधी. काय झालं?"

"काल छापलेलं एक सुटं लेबल घरी नेलं होतं. आता जेवायला गेलो तं घरचीनं ते भाताच्या शितानं मसाल्याच्या डब्यावर चिकटवलं. भरल्या वांग्याचा मसाला आहे म्हने त्यात." त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "तिखटाच्या पुडीवर मिरची, आत तिखट. हळदीच्या पुडीवर हळद, आत हळद. अन् वांग्याच्या पुडीत काय असन वहिनी? कोणतीबी बाई काय समजन?"

मी उभी राहिले. आपणच वर्षानुवर्षं बायकांना शिकवलं होतं की चित्र बघा आणि माल उचला. आता त्या तेच करणार होत्या.

आम्ही शेठला गाठलं, तर ते आधी हसले. "मास्तर तर काड्यापेटीलाही घाबरते! पुडीमागं लिहिलं आहे ना?"

"ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच चित्र मागितलंत ना?" मी म्हटलं. "आता मुकाट्याने सांगा, माल कुठे गेला?"

शेठचं हसू गेलं. बहुतेक माल गोदामातच होता, त्यांनी तो तिथेच अडवला. एकच गठ्ठा सकाळी खापा गावातल्या एका किराणा दुकानात गेला होता. तिथे फोन नव्हता. मी पिशवी उचलली आणि मास्तरांना घेऊन बसस्टँड गाठलं.

बसमध्ये मास्तर खिडकीच्या दांडीला धरून बसले होते. प्रत्येक थांब्यावर विचारायचे, "किती वाजले?" मी सांगायची. पुन्हा विचारायचे. "दिवेलागणीच्या आत परत येऊ ना?" एरवी मी वैतागले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर चुली दिसत होत्या, प्रत्येक चुलीवर कढई, आणि प्रत्येक कढईपाशी आमचं देखणं वांगं.

दुकानदाराने पुड्यांची माळ दारातच टांगली होती. एका बाजूला तिखट, एका बाजूला हळद, मधे वांगी.

"एखादी विकली?"

"एक गेली ना बाई. आताच. नदीकडच्या गल्लीत, लिंबाच्या झाडाचं घर. काहून?"

मी उरलेली माळ ओरबाडून पिशवीत घातली आणि आम्ही पळालो. मी जाड बाई, पण त्या दिवशी मास्तरांच्या पुढे होते. लिंबाचं झाड दिसलं, मागून धूर दिसला, तेलाचा वास आला. अंगणातल्या चुलीवर कढई होती. शेजारी पाण्यात चिरलेली वांगी. आणि चुलीपुढे बसलेल्या बाईने आमची पुडी हातात घेऊन तिचा कोपरा दातांत धरला होता, फाडायला.

"फेक!"

हा आवाज मास्तरांचा होता. दाराला कडी घालतानाही जो माणूस आवाज होऊ देत नसे, त्याचा. झाडावरचे कावळे उडाले. बाईच्या हातून पुडी पडली.

"कोन हो तुम्ही? वरडून काहून राहिले?"

"बाई, थुंका. आधी थुंका, चूळ भरा," मी तांब्या तिच्या तोंडाशी नेला. "मसाला नाही तो. किडे मारायचं विष आहे. पोटात गेलं का काही?"

"नाही वं माय. अजून फाडलीच नव्हती पुरी. तेल तापून राहिलं होतं." तिने चुळा भरल्या, मग पुन्हा भरल्या. मग तिने पुडीकडे बघितलं आणि मास्तरांकडे बघितलं. "मंग त्याच्यावर वांगं काहून काढलं?"

मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले. "चुकलं माय. लय चांगलं काढलं म्या, तेच चुकलं."

पुडीचा कोपरा फाटला होता, भुकटी सांडायला लागली होती. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली, काडीने पुडी तिच्यात लोटली, टोपीची घडी केली. डोक्यावर पार पांढरे, विरळ केस होते; मी ते पहिल्यांदाच बघत होते. घरापासून दूर बांधावर खुरप्याने खोल खड्डा केला आणि टोपीसकट सगळं पुरलं. बाईने साधं तिखटमीठ घालून भाजी टाकली आणि आम्हांला जेवून जायचा आग्रह केला. तिच्या हातची वांगी चांगली असणार. पण त्या दिवशी घास गेला नसता.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "उद्या नवं लेबल. मेलेला किडा काढा, उताणा, पाय वर. खाण्याची कोणतीही वस्तू नको."

"हो. घरी दाखवतो," मास्तर म्हणाले. आणि सवयीने टोपी सारखी करायला हात वर नेला. हात तिथेच राहिला.

"काय झालं?"

"टोपी."

"गेली तर गेली. उद्या दुसरी घ्या."

मास्तर नागपूर येईपर्यंत दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसले. संकट टळलं होतं, तरी दुपारपेक्षा जास्त घाबरलेले. मी त्यांना एकटं सोडलं नाही. रिक्षा करून जुनी शुक्रवारीला गेले.

नुकतेच दिवे लागले होते. मास्तरांनी कडी वाजवली. दाराशेजारच्या गजांच्या खिडकीत एक बाई आली. नीट विंचरलेले केस, मोठं कुंकू. तिने मास्तरांकडे पाहिलं. मग मान वळवून दाराच्या आतल्या बाजूकडे पाहिलं. समोरच्या भिंतीवरच्या आरशात मलाही ते दिसलं: दारावर एक चित्र चिकटवलेलं होतं. दोन गोलांचा चष्मा, त्यावर काळी टोपी, खाली सायकल. परकाराचं काम.

"तुम्ही नाही ते," ती म्हणाली. "ते टोपीवाले आहेत. ते आले का मी उघडीन."

"मीच आहो वं."

"नाही. जा तुम्ही. ते येतीन आता." ती खिडकीपासून मागे सरकली. तिच्या मागे फळीवर डबे दिसत होते. प्रत्येक डब्यावर एक चित्र: मीठ, साखर, चहा, तुरीची डाळ. स्टोव्हवर एका हाताचं चित्र, 'थांब' म्हणणारं. मधल्या डब्यावर आमचं वांगं.

"विसरते ती," मास्तर हळूच म्हणाले. "दोन वर्षं झाले. चित्र दाखवलं का समजते. दुपारी येऊन पाह्यतो, का स्टोव्ह..." हायकोर्टाचे निकाल ते रोज का आणत, आणि टोपी का निघत नसे, ते मला पायरीवर उभ्याउभ्या कळलं.

आत ती रडायला लागली होती. "वेळ झाला... ते आले नाही अजून..."

मास्तरांनी खिसे चाचपले. परकाराची डबी छापखान्यातच राहिली होती. पेन्सिल तेवढी होती. मी पिशवीतून एक कोरा कागद काढून दिला. ते पायरीवर बसले, कागद मांडीवर धरला आणि नुसत्या हाताने काढायला लागले. चष्म्याचा एक गोल मोठा झाला, एक लहान. डोकं उघडं, त्यावर दोन-चार केस. आणि शेजारी, जरा दूर, एकटी टोपी.

कागद त्यांनी दाराच्या फटीतून आत सरकवला.

आतलं रडणं थांबलं. ती खिडकीत आली. कागद पाहिला, मास्तरांना पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"टोपी कुठी टाकून आले?" ती म्हणाली.

कडी निघाली. मास्तर आत गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले, कापायच्या यंत्राजवळून जाताना राहत तसेच. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ताटातलं भाताचं शीत घेतलं, कागदाच्या चारही कोपऱ्यांना लावलं आणि तो वाकडातिकडा माणूस टोपीवाल्याच्या शेजारी दारावर दाबून बसवला.

"आता कसेबी या," ती म्हणाली.