चौथ्या मजल्याची भाषा

लिफ्ट बोलायला लागली आणि दुसऱ्याच दिवशी इमारतीतली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

ही लिफ्ट सोसायटीच्या सेक्रेटरींनी भांडून भांडून आणली होती. बायकोचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आणि घर चौथ्या मजल्यावर. लिफ्टला गोड आवाज होता. मजला आला की ती आधी मजला सांगायची, मग दार उघडायचं. पंचाईत एवढीच, की कारखान्यातून ती जी भाषा शिकून आली होती, ती नेमकी पहिल्या मजल्याची निघाली. आणि या इमारतीत, कसं कोण जाणे, प्रत्येक मजल्याची भाषा वेगळी होती.

"आमच्या दारात येऊन त्यांच्या भाषेत बोलते म्हणजे काय?" दुसऱ्या मजल्यावरचे वकील कडाडले. "उद्या नळाचं पाणीही त्यांच्या भाषेत येईल!"

दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. सेक्रेटरींना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. देशातल्या राज्यांची भाषेवरून, नदीवरून, सीमेवरून होणारी भांडणं फायलीत घालून थंड करायची, अशा सरकारी खात्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर थंड करायला काही उरलंच नव्हतं.

"अगं, हे छोटं संघराज्यच आहे," ते बायकोला म्हणाले. "सगळ्यांना सारखा मान दिला की झालं."

बायको फोनवर बहिणीशी माहेरच्या भाषेत बोलत होती. त्यांनी नेहमीसारखी हातानेच 'हळू' अशी खूण केली आणि तोडगा काढायला बसले.

पहिला तोडगा असा निघाला, की प्रत्येक मजल्यावर चारही भाषा बोलाव्यात. लिफ्टचं भाषण संपेपर्यंत दार उघडेना. पहिल्या मजल्यावरचे केकवाले मोठा केक घेऊन आत शिरले आणि घामाघूम होऊन बाहेर आले. "हिचं आभारप्रदर्शन होईपर्यंत माझे क्रीमचे गुलाब आडवे झाले हो!" वकील कोर्टात पोचले तेव्हा त्यांचा अशील केस हरून चहा पीत होता. शिवाय आधी कोणाची भाषा यावी, यावर रोज सकाळी लिफ्टच्या दाराशी जुंपायची ती वेगळीच.

सेक्रेटरी डगमगले नाहीत. दुसरा तोडगा तयार होता: ज्याचा मजला त्याची भाषा. हा तोडगा संध्याकाळपर्यंत टिकला. दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात एक दातांचे डॉक्टर राहत, त्यांची भाषा तिसऱ्या मजल्याची.

"म्हणजे मी माझ्याच मजल्यावर परका?" डॉक्टरांनी विचारलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई तरातरा खाली आल्या. त्यांच्या पहाटेच्या गाण्यावरून त्यांचं आणि डॉक्टरांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. पण आता त्या म्हणाल्या, "आमचा माणूस इथे एकटा पडलाय. आम्ही गप्प बसणार नाही!"

"आमच्या मजल्यात ढवळाढवळ नको," वकील म्हणाले. लिफ्टचं मुख्य बटण त्यांच्याच पॅसेजमध्ये होतं. ते त्यांनी खटकन बंद केलं. "वाटाघाटी संपेपर्यंत लिफ्ट बंद!"

त्या वेळी सेक्रेटरींची बायको भाजीची पिशवी घेऊन तळमजल्यावर उभी होती. थोडा वेळ वाट पाहून ती कठडा धरून चढू लागली. दुसऱ्या मजल्यापर्यंत कशीबशी आली आणि पायरीवर मटकन बसली. वकिलांचा चेहरा पडला. त्यांनी धावत जाऊन खुर्ची आणली. सगळी इमारत जिन्यात गोळा झाली, सेक्रेटरीही धापा टाकत खाली आले. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्याकडे बघून ती माहेरच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतायत वहिनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही, कण्हतेय," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं. म्हणून ते तिथेच पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी तिसरा तोडगा मांडला. "प्रत्येक मजल्याने लिफ्टमधून आपल्या भाषेत, आपल्याच आवाजात बोलावं. कोपऱ्यातल्या घरानेही त्याच मजल्यावर एक वाक्य बोलावं. तळमजला सगळ्यांचा, तिथे नुसती घंटा. आणि वकीलसाहेब, ते बटण आधी चालू करा!"

आपला आवाज रोज सगळ्यांना ऐकवायचा म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? बटण चालू झालं. दुसऱ्या दिवशी लिफ्ट कंपनीचा माणूस आवाज भरून घ्यायला आला. वकील म्हणाले, "हा दुसरा मजला आहे, असं माझं नम्र निवेदन आहे." डॉक्टरांनी एका वाक्यात दवाखान्याची वेळही बसवली. गाण्याच्या बाईंचा आलाप मात्र सर्वानुमते कापण्यात आला.

"चौथ्याचं सोपं आहे," सेक्रेटरी हात चोळत म्हणाले. "शेजारच्या घराला कायमचं कुलूप. आम्ही दोघंच. बिनविरोध!"

"विरोध आहे," बायको म्हणाली.

"कोणाचा?"

"माझा. लग्न झाल्यापासून तुमच्या भाषेत बोलतेय. तुमच्या भाषेत भांडले, तुमच्या भाषेत आजारी पडले. काल जिन्यात मी काय म्हणाले, कळलं का तुम्हाला?"

"काय म्हणालीस?" अख्ख्या देशाची भांडणं निस्तरलेल्या माणसाने हळूच विचारलं.

"जरा माझ्याजवळ बसा, असं म्हणाले. आणि तुम्ही भाषणाला उभे राहिलात."

कंपनीचा माणूस उगाचच स्क्रू तपासू लागला. सेक्रेटरी तिच्याजवळ सरकले. मग म्हणाले, "चौथा मजला तुझ्या भाषेत. तू बोल."

"मी नाही. तुम्ही बोलायचं."

तो सगळा दिवस सेक्रेटरी आरशासमोर जीभ वळवत होते आणि बायको पोट धरधरून हसत होती. घरात ती भाषा इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलली जात होती आणि 'हळू' अशी खूण कोणीही करत नव्हतं.

आता चौथा मजला आला की लिफ्ट अडखळत, चुकीच्या जागी जोर देत दोन वाक्यं बोलते. पहिलं मजल्याचं. दुसरं कशाचं, ते त्या दोघांशिवाय इमारतीत कोणालाच कळत नाही.

"तुमच्या मजल्याचं नाव जरा लांबलचक आहे, नाही का?" केकवाल्यांनी एकदा विचारलं.

"हो, जुनं नाव आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि घाईघाईने घरात शिरले.

हल्ली बायको भाजी आणायला गेली की एक तरी वस्तू नक्की विसरते, आणि ती आणायला पुन्हा लिफ्टने खाली जाऊन वर येते.