नाहरकत

द्वितीय वर्षातल्या एका मुलीला तासाला ऐकलेलं सगळं समजत असे. वाचायला-लिहायला घेतलं की मात्र अक्षरं जागा बदलत. तसा डॉक्टरांचा दाखलाही होता. म्हणून तिने प्राध्यापकांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायची परवानगी मागितली. मागणी साधी होती, त्यामुळे महाविद्यालयाने ती फारच गांभीर्याने घेतली.

"अर्ज स्वहस्ताक्षरात हवा. तीन प्रती. खाडाखोड चालणार नाही," कारकून म्हणाले.

"काका, मला लिहितानाच त्रास होतो."

"मग तेच लिहून दे ना!"

ती चार दिवस वाचनालयात मान मोडून बसली. पाचव्या दिवशी कारकुनांनी 'अध्ययन'चं झालेलं 'अध्यनय' शोधून काढलं, त्याभोवती लाल गोल केला आणि अशुद्ध लेखनाच्या कारणास्तव अर्ज परत दिला. शेवटी तो थोरल्या बहिणीने लिहिला.

समितीच्या बैठकीत प्राचार्यांनी कागद न्याहाळला. "अक्षर मोत्यासारखं आहे की! अडचण कुठे दिसत नाही."

"सर, ते ताईचं आहे."

"म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घेतलंस? नोंद करा हो."

मुलीने मागच्या आठवड्यातला अख्खा तास, प्राध्यापकांच्या दोन विनोदांसकट, घडाघडा म्हणून दाखवला.

समिती थक्क झाली. "एवढं लक्षात राहतं, तर रेकॉर्डिंग कशाला?"

"आठवडाभर राहतं, सर. परीक्षा वर्षाच्या शेवटी असते."

यावर समितीने सहानुभूतीपूर्वक ठराव केला : वर्गातल्या प्रत्येकाने नाहरकत दिल्यास परवानगी.

ती बाकाबाकापाशी गेली.

"माझं काहीच म्हणणं नाही गं," पहिल्या बाकावरची मैत्रीण म्हणाली. "पण आम्ही हात मोडेस्तोवर लिहायचं आणि तू नुसतं बटण दाबायचं, हे बरं दिसतं का? आधी दुसऱ्या कुणाची सही आण, मग मी लगेच करते."

दुसरी सही करायला चाळीसही जण एका पायावर तयार होते. पहिली कुणीच केली नाही.

लेखी परीक्षेत मुलगी तीन विषयांत नापास झाली आणि तिने महाविद्यालय सोडलं. निरोपाला वर्गाने तिला मोठं भेटकार्ड दिलं. तिच्या जिद्दीबद्दल चाळीस जणांनी बारीक, तिरक्या अक्षरांत भरभरून लिहिलं होतं. घरी ताई ते वाचून दाखवू लागली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "राहू दे."

वाचकहो, तुम्हालाही तिच्याबद्दल फार हळहळ वाटत असेल. कार्डाच्या कोपऱ्यात अजून थोडी जागा आहे.