पाठीचं माप

पाठ कमावायचा निर्णय मी चहाचा कप हातात असताना घेतला. (चहा संपेपर्यंत थांबलो असतो तर विचार बदलला असता.)

माझी बायको घरीच पुरुषांचे शर्ट शिवते. त्या संध्याकाळी पोहण्याचे मास्तर माप देऊन गेले आणि ती टेप गळ्यात तशीच ठेवून म्हणाली, "काय पाठ आहे हो त्यांची! कापड टाकलं की आपोआप बसतं. एक सुरकुती नाही."

"माझंही घे ना माप एकदा," मी सहज बोलल्यासारखं बोललो.

"तुमचं कशाला? तुमचा मापाचा शर्ट आहे की."

हे असं. गेली अकरा वर्षं ती माझे सगळे शर्ट एका जुन्या शर्टावरून बेततेय. त्याआधी कशी मागे उभी राहायची! ओठांत टाचण्या धरून "सरळ उभे राहा" असं पुटपुटायची. मी मुद्दाम वाकायचो. मग दोन्ही खांद्यांच्या मधे तळवा टेकवून मला सरळ करायची. त्या तळव्याची मला आठवण येते. खोटं कशाला बोलू, फार येते.

पाठ बदलली की जुना शर्ट निरुपयोगी, आणि मग टेप हातात घेण्यावाचून तिला गत्यंतर नाही. हिशेब सरळ होता. वाकडी होती ती पाठ. बावीस वर्षं ऑफिसात आवक-जावक रजिस्टरवर ओणवं होऊन तिला स्वतःची अशी काही मतंच उरली नव्हती.

कॉलेजात जाणाऱ्या लेकीला गाठलं.

"बाबा, रुंदीसाठी लटकायचं, जाडीसाठी ओढायचं. तुम्हाला काय हवंय?"

"जे लवकर दिसेल ते."

"कुणाला दिसेल?"

मी ऑफिसातल्या कामाचं काहीतरी बोलून सटकलो. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड.

आधी दाराच्या चौकटीला लटकलो. पाय जमिनीवरच राहिले. (आमची दारं बुटकी आहेत.) मग पालथं झोपून हात-पाय उचलायचा व्यायाम निवडला. ज्याची सुरुवातच झोपण्यापासून होते तो व्यायाम मला मनापासून पटला. अर्ध्या तासानं लेकीनं हलवून जागं केलं.

उरलं ओढणं. रविवारी बायको बाहेर गेल्यावर मी तिच्या डब्यातलं रुंद इलॅस्टिक काढलं, कपाटाच्या मुठीला बांधलं, अंगात सगळ्यांत जुना शर्ट चढवला आणि ओढू लागलो. एक, दोन, तीन. पाठीत खरंच काहीतरी जागं होतंय असं वाटलं. उत्साहाच्या भरात चौथ्यांदा जरा जोरात ओढलं. मूठ कपाट सोडून माझ्याकडे निघाली, मी मागे निघालो आणि शिलाई मशीनवर पाठीवरच आपटलो. शर्ट टर्रकन फाटला.

बायको नेमकी तेवढ्यात आली. तिनं मूठ बघितली, इलॅस्टिक बघितलं, मग मला बघितलं.

"हे काय?"

"व्यायाम."

"कपाटाचा?" तिनं मला हाताला धरून उठवलं, शर्ट अंगातून उतरवून उलटापालटा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अहो, हा मापाचा शर्ट होता!"

शपथेवर सांगतो, हे मी ठरवून केलं नव्हतं. (तेवढी अक्कल असती तर अकरा वर्षांपूर्वीच फाडला असता.)

"मग आता?" मी श्वास रोखून विचारलं.

"आता काय? घ्यावं लागेल माप. उभे राहा."

ती मागे आली. टेप गार होती. मी जरासा वाकलो, आणि खांद्यांच्या मधे तळवा टेकला. तोच तळवा. नेमका मार लागला होता तिथेच टेकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी हूं की चूं केलं नाही. अजून तासभर दाबला असता तरी चाललं असतं.

"अगं बाई! साडेसतरा!" ती म्हणाली. "आधी सतरा होतं."

माझे डोळे भरून आले. एका रविवारात अर्धा इंच! मास्तरांनी आता सांभाळून राहावं.

"लिही गं वहीत," तिनं लेकीला हाक मारली. "बाबांची पाठ, साडेसतरा. पेन्सिलनंच लिही."

"पेन्सिलनं का?" मी विचारलं.

"सूज आहे. उतरली की खोडायला बरं."